सह्याद्रीत अनोळखी फूल आढळले, तर: पहिल्या नोंदीपासून शास्त्रीय नावापर्यंत

सह्याद्रीच्या वनस्पतींचा अभ्यास नवा नाही. डॅल्झेल आणि गिब्सन यांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरील ग्रंथ १८६१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि थिओडोर कुक यांचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात पूर्ण झाला. तरीही २०२३ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील विशाळगडावरून कंदीलपुष्पाची एक नवी प्रजाती नोंदवली गेली आणि छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावावरून तिला ‘सेरोपेजिया शिवरायीयाना’ हे नाव मिळाले. ज्या गडावर वर्षानुवर्षे लोक चढत-उतरत आहेत, तेथेही अशी वनस्पती विज्ञानाच्या नोंदीबाहेर राहू शकते. त्यामुळे पावसाळ्यात एखादे फूल कोणत्याच पुस्तकाशी जुळले नाही, तर तुमची शंका हसण्यावारी नेण्याजोगी नसते.

मात्र ‘हे वेगळे दिसते’ आणि ‘ही नवी प्रजाती आहे’ या दोन विधानांमध्ये फार मोठे काम असते, आणि त्यातला बहुतेक वेळ ती वनस्पती आधी कोणीही नोंदवलेली नाही हे सिद्ध करण्यात जातो. हा लेख वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी, शिक्षक आणि रानवाटा तुडवणारे अभ्यासू वाचक यांच्यासाठी आहे. उदाहरणे मी मुद्दाम सेरोपेजिया या एकाच वंशातून अधिक घेतली आहेत. त्याला आपल्याकडे कंदीलपुष्प किंवा खरचुडी म्हणतात. महाराष्ट्रात त्याच्या अनेक प्रदेशनिष्ठ प्रजाती आहेत आणि नवशिक्याला पडणारे जवळजवळ सगळे प्रश्न या एका वंशात भेटतात.

१. पहिल्या भेटीत हात आवरा, नोंद करा

पहिल्या भेटीत झाड उपटू नये. संपूर्ण झाड, पानाच्या दोन्ही बाजू, खोड, कळी, फूल समोरून व बाजूने, फळ असल्यास फळ आणि आजूबाजूचा अधिवास यांची छायाचित्रे घ्यावीत. प्रत्येक भागाच्या एका तरी छायाचित्रात मोजपट्टी असावी. त्यानंतर आसपास फिरून अशी झाडे किती आहेत, सगळी सारखीच दिसतात की एकच झाड वेगळे आहे, हे पाहावे. एकुलते एक वेगळे झाड हे बहुधा संकर, रोगट किंवा गुरांनी खाल्ल्यानंतर पुन्हा फुटलेले झाड निघते. नव्या प्रजातीचा दावा करायचा असेल, तर तीच लक्षणे अनेक झाडांत, आणि शक्य असल्यास एकाहून अधिक ठिकाणी, टिकून असल्याचे दाखवावे लागते.

नोंदवहीत पेन्सिलीने लिहावे, कारण पावसात शाई पसरते. तारीख, ठिकाण, समुद्रसपाटीपासूनची उंची, अक्षांश-रेखांश, जमीन (जांभा, बेसाल्ट, पालापाचोळ्याची माती), सावलीचे प्रमाण, सोबतच्या वनस्पती, फुलाचा ताजा रंग व वास हे सर्व तेथेच लिहावे. रंग आणि वास सुकलेल्या नमुन्यात उरत नाहीत, आणि घरी येऊन आठवणीने लिहिलेल्या नोंदीवर कोणताही समीक्षक विश्वास ठेवणार नाही.

अचूक ठिकाण मात्र समाजमाध्यमांवर टाकू नये. सेरोपेजियाचे कंद खाल्ले जातात, शिवाय दुर्मीळ वनस्पती गोळा करणारे हौशी लोकही असतात. भ्रमणध्वनीने काढलेल्या छायाचित्रात स्थाननोंद आपोआप साठते. छायाचित्र कोणालाही पाठवण्यापूर्वी ती काढून टाकावी.

२. परवानग्या आधी, संकलन नंतर

या टप्प्यावर अनेक जण घाई करतात आणि पुढे सगळे काम अडते. आज बऱ्याच नियतकालिकांत संपादक संकलनाच्या परवानगीचा क्रमांक मागतात, आणि परवानगीविना गोळा केलेला नमुना कितीही चांगला असला तरी तो अडचणीचा ठरतो.

जागा कोणाच्या ताब्यात आहे हे प्रथम ठरवावे. राधानगरी, कोयना किंवा भीमाशंकर यांसारखे अभयारण्य असेल, तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू होतो. त्याच्या कलम २८ नुसार वैज्ञानिक अभ्यासासाठी प्रवेशाचीही परवानगी लागते आणि कलम २९ नुसार परवान्याशिवाय तेथून काहीही नेता येत नाही. हे अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकांकडे असतात. अधिनियमाच्या अनुसूचीतील वनस्पती असेल, तर ती अभयारण्याबाहेर असली तरी कलम १७-अ नुसार तोडण्यास मनाई आहे आणि शिक्षण, संशोधन किंवा हर्बेरियमसाठी (सुकवलेल्या वनस्पतींच्या संग्रहासाठी) कलम १७-ब खाली स्वतंत्र परवानगी घ्यावी लागते. राखीव वनासाठी संबंधित विभागाच्या उपवनसंरक्षकांकडे अर्ज करावा. देवराई असेल, तर कागदावर जमीन कोणाचीही असो, गावकऱ्यांना विश्वासात घेतल्याशिवाय आत पाऊल टाकू नये. ते रान त्यांनी राखले म्हणूनच ती वनस्पती तेथे उरली आहे.

अर्जासोबत साधारणपणे ही कागदपत्रे तयार ठेवावीत:

- संस्थेच्या पत्रशीर्षावरील अर्ज आणि प्राचार्य किंवा विभागप्रमुखांची शिफारस
- एक-दोन पानांचा संशोधन प्रस्ताव, ज्यात कोणती वनस्पती, किती नमुने आणि कोठे ठेवणार हे स्पष्ट लिहिलेले असेल
- जाणाऱ्या सर्वांची नावे व ओळखपत्रांच्या प्रती
- ठिकाणाचा नकाशा, वनपरिक्षेत्राचे नाव आणि भेटींचा कालावधी
- काम झाल्यावर अहवाल सादर करण्याची हमी

तुमचे कोणत्याही संस्थेशी नाते नसेल, तर येथेच जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाशी किंवा भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या पुण्यातील पश्चिम विभागीय केंद्राशी संपर्क साधावा. एकट्या हौशी अभ्यासकाला परवानगी मिळणे अवघड असते. सहलेखक म्हणून काम करण्यात मात्र कोणतीच अडचण नसते.

परदेशात राहणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार परदेशी व्यक्तीप्रमाणेच अनिवासी भारतीय नागरिकालाही आपल्या जैविक साधनसंपत्तीवरील संशोधनासाठी चेन्नई येथील राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वमान्यता लागते. ‘मी तर आपल्याच गावच्या डोंगरावरून पाने घेतली’ हे कारण तेथे चालत नाही. सुट्टीत आलेल्या मित्राच्या हाती सिलिका जेलमध्ये (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांत) ठेवलेली पाने परदेशी प्रयोगशाळेकडे पाठवणे हाही याच कायद्याचा विषय आहे.

३. ती वनस्पती खरोखर अनोंदित आहे का?

सर्वाधिक वेळ या टप्प्याला द्यावा. प्रथम वंश निश्चित करावा. त्यानंतर कुक यांचा ग्रंथ, हुकर यांचा १८७२ ते १८९७ या काळातील सात खंडांचा ब्रिटिश भारताचा वनस्पतिकोश आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे महाराष्ट्र राज्याचे खंड यांतील ओळखतक्त्यांतून आपली वनस्पती चालवून पाहावी. जुने ग्रंथ बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात.

ग्रंथांवर थांबू नये. आंतरराष्ट्रीय वनस्पतिनाम सूची म्हणजे ‘आयपीएनआय’ आणि लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाचे ‘प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ यांतून त्या वंशातील भारत, श्रीलंका, म्यानमार आणि शक्यतो आग्नेय आशियातील सर्व नावांची यादी करावी. आज ग्राह्य धरली जाणारी नावे आणि पर्यायी ठरवून बाजूला ठेवलेली नावे अशी दोन्ही त्या यादीत हवीत. कोणीतरी दीडशे वर्षांपूर्वी तुमच्याच वनस्पतीला नाव दिलेले असू शकते आणि नंतरच्या अभ्यासकाने ते चुकून दुसऱ्या प्रजातीत मिसळलेले असू शकते. वनस्पतिनामांचा आरंभबिंदू लिनिअसच्या ‘स्पीशिज प्लँटारम’ या ग्रंथाचा, म्हणजे १ मे १७५३ हा, धरला जातो आणि तेव्हापासून सर्वांत आधी वैध रीतीने प्रसिद्ध झालेल्या नावाला सामान्यतः अग्रक्रम मिळतो. जुने नाव पुढे आले, तर तुमच्या नव्या नावाला जागा उरत नाही.

यादीतील प्रत्येक जवळच्या प्रजातीचे मूळ वर्णन वाचावे आणि तिचा मूळ नमुना, म्हणजे ज्यावरून तिला नाव दिले गेले तो, पाहावा. पुण्यातील सर्वेक्षण संस्थेचे हर्बेरियम, तेथीलच आघारकर संशोधन संस्थेचे हर्बेरियम, मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियम आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे हर्बेरियम ही आपल्या हाताशी असलेली ठिकाणे आहेत. हावड्याचे केंद्रीय राष्ट्रीय हर्बेरियम आणि क्यू येथील बऱ्याच नमुन्यांच्या प्रतिमा संकेतस्थळांवर पाहता येतात. हर्बेरियममध्ये जाताना आधी पत्र पाठवून वेळ घ्यावी, भिंग आणि मोजपट्टी सोबत न्यावी, आणि सुकलेले फूल परवानगीशिवाय उघडू नये. विशेषतः ‘अनिश्चित’ असा शेरा असलेले जुने नमुने चाळावेत. तुमची वनस्पती पूर्वी कोणी गोळा करून ओळख न पटल्यामुळे ठेवून दिलेली असण्याची शक्यता बरीच असते, आणि तसा नमुना सापडला तर तिच्या प्रसाराचा आणखी एक पुरावा हाती येतो.

सेरोपेजियात एक सापळा नेहमीचा आहे. पानाची रुंदी, लव आणि वेलीची उंची ही लक्षणे सावली, वय आणि पाऊस यांप्रमाणे बरीच बदलतात. केवळ त्यांच्या आधाराने प्रजाती वेगळी मानू नये. फुलाची नळी उभी चिरून तिच्या तळाशी असलेला कोरोना (मुकुटासारखा भाग), त्याच्या बाहेरच्या व आतल्या पाळ्यांचा आकार, त्यांवरील केस आणि परागपिंड (एकत्र चिकटलेल्या परागकणांचे गोळे) पाहावेत, कारण या वंशातील खरे भेद बहुधा तेथे दिसतात. इतर वंशांत ही जागा वेगळी असते. एरिओकॉलॉनमध्ये, म्हणजे कातळसड्यांवरील गेंदांमध्ये, बियांच्या आवरणावरील नक्षी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. आपल्या वंशात कोणते लक्षण भरवशाचे मानले जाते, हे त्या वंशाच्या तज्ज्ञाला पत्र लिहून विचारण्यात कमीपणा नाही. बहुतेक तज्ज्ञ आस्थेने उत्तर देतात.

४. नमुना गोळा करणे आणि सुकवणे

लागणारे साहित्य असे: दहापट मोठे दाखवणारे भिंग, छाटणीची कात्री, खुरपे, लाकडी दाबपट्ट्या व पट्टे, जुनी वर्तमानपत्रे, टीपकागद, क्रमांकाच्या चिठ्ठ्या, सत्तर टक्के अल्कोहोल भरलेल्या लहान बाटल्या आणि पानांच्या तुकड्यांसाठी सिलिका जेलच्या पिशव्या.

वीस झाडांमागे एकापेक्षा अधिक झाड घेऊ नये, हा दंडक पाळावा. झाडे मोजकीच असतील, तर कंद जमिनीतच ठेवून फुलोऱ्यासह फांदी घ्यावी आणि कंदाचे मोजमाप व छायाचित्र तेथेच घेऊन तो पुन्हा मातीने झाकावा. नवी प्रजाती नोंदवताना तिची लोकसंख्याच खच्ची होणे यासारखी वाईट गोष्ट नाही.

होलोटाइप, म्हणजे नव्या नावाचा आधार ठरणारा एकमेव नमुना, आणि त्याच्या प्रती, म्हणजे आयसोटाइप, हे एकाच संकलनातील असावे लागतात: तेच संकलक, तीच तारीख, तेच ठिकाण आणि तोच संकलन क्रमांक. ऑगस्टमधील फूल आणि ऑक्टोबरमधील फळ एकाच शीटवर चिकटवून त्याला होलोटाइप म्हणता येणार नाही. फळाचा नमुना वेगळ्या क्रमांकाने ठेवून लेखात ‘इतर तपासलेले नमुने’ या शीर्षकाखाली द्यावा.

पावसाळ्यात वर्तमानपत्र रोज, सुरुवातीचे काही दिवस तर दोनदा, बदलावे. अन्यथा नमुना काळा पडतो आणि त्यावर बुरशी येते. नळीसारखी मांसल फुले दाबल्यावर आकार हरवतात, म्हणून काही फुले अल्कोहोलमध्ये ठेवणे अनिवार्य समजावे. पूर्वी कीड लागू नये म्हणून नमुने मर्क्युरिक क्लोराइडमध्ये बुडवत असत. ते अत्यंत विषारी आहे, महाविद्यालयाच्या कपाटात जुनी बाटली असली तरी वापरू नये. वाळलेला नमुना पिशवीत बंद करून काही दिवस अतिथंड करणे पुरेसे असते. शीटचा आकार सुमारे ४२ × २८ सेंमी ठेवावा आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात नोंदवहीतील माहितीची चिठ्ठी लावावी.

५. वर्णन आणि वेगळेपणाचे निवेदन

वर्णन एका झाडावरून लिहू नये. अनेक झाडांची मोजमापे घेऊन लहानापासून मोठ्यापर्यंतची मर्यादा द्यावी. त्यापेक्षा महत्त्वाचे आहे ते वेगळेपणाचे निवेदन: सर्वांत जवळच्या प्रजातीपासून ही कोणत्या लक्षणांनी वेगळी आहे, हे दोन-चार वाक्यांत सांगणारा मजकूर. टिकाऊ लक्षणे तीन असली तरी चालतील, डळमळीत दहा नकोत.

वर्णन किंवा निवेदन यांपैकी एक तरी लॅटिन किंवा इंग्रजीत असावे लागते. १९३५ ते २०११ या काळात लॅटिनच आवश्यक होती, १ जानेवारी २०१२ पासून इंग्रजीही चालते. केवळ मराठीत लिहिलेल्या वर्णनाने नाव वैध होत नाही. मात्र लेखात स्थानिक नाव आणि त्याचे लोकांतील उपयोग नोंदवावेत, आणि ज्यांनी ते सांगितले त्यांचे त्यांच्या संमतीने आभार मानावेत.

६. नाव घडवणे

वनस्पतींच्या नावांसाठी आंतरराष्ट्रीय नामसंहिता आहे. तिची आवृत्ती आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेनंतर निघते. २०२४ ची परिषद माद्रिदला झाली आणि तिच्या निर्णयांवर आधारलेली माद्रिद संहिता आज लागू आहे.

प्रजातीच्या नावात वंशनाम आणि प्रजातिविशेषण असे दोन शब्द असतात. विशेषण व्यक्तीच्या नावावरून घडवायचे असेल, तर शेवट कसा करायचा याचे नियम आहेत, आणि ते शिकायला आपल्याच डोंगरांतील सेरोपेजिया पुरेशा आहेत. लॉ या आडनावाच्या रोमन लेखनाचा शेवट व्यंजनाने होतो, म्हणून ‘लॉआय’ (lawii) लिहिताना दोन ‘आय’ येतात. मॅक्कॅन आणि जैन यांच्या नावांचेही तसेच. हुबर यांचे नाव ‘ईआर’ ने संपते, म्हणून तेथे एकच ‘आय’ जोडला गेला. महाबळे आणि सांतापाऊ यांच्या नावांचे रोमन लेखन स्वरान्त आहे, तेथेही एकच. रोला हे नाव रोमन ‘ए’ (a) ने संपते, म्हणून पुढे ‘ई’ (e) लावून ‘रोली’ (rollae) झाले. नूरजहान या स्त्रीच्या नावावरून घडवलेल्या विशेषणाला स्त्रीलिंगी प्रत्यय लागला. शेवट चुकला तर नाव रद्द होत नाही, पुढे तो दुरुस्त केला जातो. तरीही पहिल्याच छपाईत बरोबर लिहावे.

विशेषण गुणवाचक असेल, तर ते वंशाच्या लिंगाप्रमाणे चालते. सेरोपेजिया स्त्रीलिंगी, म्हणून ‘सह्याद्रिका’. अरिसीमा नपुंसकलिंगी, म्हणून त्याच डोंगररांगेवरून ‘सह्याद्रिकम’. शिवरायांच्या नावावरील विशेषणही ‘याना’ असे स्त्रीलिंगी झाले ते याच कारणाने.

निवडलेले विशेषण त्या वंशात पूर्वी कधीही वापरलेले नसावे. ते नाव आज ग्राह्य नसले तरी ती जागा अडलेलीच असते. जुन्नरच्या डोंगरांतील शिंदळ माकुडीचे उदाहरण पाहा. डॅल्झेल यांनी मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या नावावरून वंश स्थापून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ म्हटले. पुढे तिला कॅरालुमा वंशात नेताना ‘कॅरालुमा इंडिका’ हे नाव दुसऱ्या वनस्पतीने आधीच घेतलेले होते, म्हणून ‘कॅरालुमा फ्रेराय’ असे नवे विशेषण द्यावे लागले. म्हणूनच ‘इंडिका’सारखी सर्वसाधारण विशेषणे टाळावीत. अधिवास, ठिकाण किंवा ठळक लक्षण सांगणारे नाव मला सर्वांत उपयुक्त वाटते, कारण ते पुढच्या अभ्यासकाला काहीतरी सांगते. फारच थोड्या जागी आढळणाऱ्या वनस्पतीला मात्र नेमक्या टेकडीचे नाव देऊ नये. स्वतःचे नाव देणे शिष्टसंमत नाही. १ जानेवारी २०२६ पासून प्रसिद्ध होणारी आणि एखाद्या समूहाचा अवमान करणारी नावे फेटाळण्याची तरतूदही आता संहितेत आहे.

७. होलोटाइप कोठे ठेवावा

होलोटाइप एकच असतो आणि नाव कायमचे त्या नमुन्याशी जोडले जाते. पुढे प्रजातीच्या मर्यादांवर कितीही वाद झाला, तरी निर्णय त्या शीटकडे पाहून होतो. म्हणून तो स्वतःच्या घरी किंवा विभागाच्या कपाटात ठेवू नये. १९५८ पासून होलोटाइप नमूद करणे आणि १९९० पासून तो कोणत्या हर्बेरियममध्ये आहे हे छापणे आवश्यक आहे. यांपैकी एक गोष्ट राहिली तर नाव वैध ठरत नाही. छायाचित्र हे नव्या सपुष्प प्रजातीचा होलोटाइप होऊ शकत नाही.

आपल्या देशात याला कायद्याचीही जोड आहे. जैविक विविधता अधिनियमाच्या कलम ३९ नुसार नवी प्रजाती शोधणाऱ्याने तिची माहिती नेमून दिलेल्या संस्थेला कळवून नमुना तेथे जमा करायचा असतो. वनस्पतींसाठी भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्था ही अशी संस्था आहे. होलोटाइप तेथे आणि आयसोटाइप विद्यापीठांच्या हर्बेरियममध्ये अशी विभागणी करावी. जमा केल्याची पावती व नोंदक्रमांक हस्तलिखित पाठवण्यापूर्वी हाती असावेत.

८. प्रसिद्धी

‘ऱ्हीडिया’, ‘नेलुम्बो’, ‘फायटोटॅक्सा’, ‘क्यू बुलेटिन’ ही या विषयाची परिचित नियतकालिके आहेत. केवळ संकेतस्थळावर निघणारे नियतकालिक निवडताना त्याला आयएसएसएन क्रमांक आहे आणि लेख पीडीएफ स्वरूपात निघतो, हे तपासावे. पैसे घेऊन समीक्षेविना छापणाऱ्यांपासून दूर राहावे. चुकीचे नावही एकदा वैध रीतीने छापले गेले की कायम मागे राहते आणि ते निस्तरण्यात पुढच्या अभ्यासकांचा वेळ जातो.

वर्तमानपत्रातील बातमीने नाव प्रसिद्ध झाले असे मानले जात नाही. पीएच.डी. प्रबंधात ते लिहिले तरी सामान्यतः तसेच. त्यामुळे लेख निघण्यापूर्वी पत्रकार परिषद घेऊ नये किंवा नाव व्याख्यानात उघड करू नये. लेखकांचा क्रम लेखनाच्या आधीच लेखी ठरवावा, कारण प्रजातीच्या नावापुढे तीच नावे कायम छापली जातात. ज्याने रानात ती वनस्पती प्रथम ओळखली त्याला, तो वनरक्षक असो वा गावकरी, यथोचित स्थान द्यावे.

हस्तलिखितासोबत लागणाऱ्या गोष्टी: परवानगीपत्रे, होलोटाइपची प्रतिमा, विच्छेदनाची रेखाचित्रे किंवा छायाचित्रपट्ट, जवळच्या प्रजातींशी तुलनेचा तक्ता, प्रसाराचा नकाशा आणि संवर्धनस्थितीचे प्राथमिक मूल्यमापन. हे मूल्यमापन आययूसीएनच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या, निकषांनुसार करावे. व्याप्त क्षेत्र दोन किलोमीटरच्या चौकटींनी मोजतात. एकाच ठिकाणी थोडी झाडे दिसली म्हणून लगेच ‘अतिसंकटग्रस्त’ लिहू नये. क्षेत्रावर आधारलेल्या निकषासाठी घट, विखंडन किंवा धोका यांचाही पुरावा लागतो. पुरेसे शोधले नसेल, तर ‘अपुरी माहिती’ हा वर्गच प्रामाणिक ठरतो. संवेदनशील प्रजातीचे अक्षांश-रेखांश ढोबळ देण्याची विनंती संपादकांना करता येते.

९. लेख निघाल्यानंतर

काही आठवड्यांनी ‘आयपीएनआय’मध्ये नावाची नोंद आली आहे का, तिचे लेखन आणि लेखकांची संक्षिप्त नावे बरोबर आहेत का, हे पाहावे. नोंद नसेल तर लेखाची प्रत पाठवून कळवावे. लेखात होलोटाइपचे हर्बेरियम छापायचे राहून गेले असल्याचे लक्षात आले, तर त्याच नियतकालिकात सर्व आवश्यक बाबींसह नाव पुन्हा प्रसिद्ध करावे. ते नाव त्या दुसऱ्या तारखेपासून वैध धरले जाते.

लेखाची एक प्रत वनपरिक्षेत्र कार्यालयाला, एक गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला आणि एक राज्य जैवविविधता मंडळाला द्यावी. सोबत मराठीत एक पान जोडावे: वनस्पती कशी दिसते, केव्हा फुलते, त्या जागी वणवा, रस्ता किंवा चराई यांपैकी कशाचा धोका आहे. रस्तारुंदीकरणाचा किंवा खाणीचा प्रस्ताव येईल, तेव्हा कार्यालयातील माणसाच्या हाताशी हेच पान असेल. पुढील पावसाळ्यात त्याच ठिकाणी जाऊन झाडे पुन्हा मोजावीत, बी तयार होत असल्यास परवानगीने थोडे बी एखाद्या वनस्पती उद्यानाकडे सोपवावे, आणि शेजारच्या डोंगरांवर तसाच अधिवास शोधावा.